राऊळबाईंची शेवटची तक्रार

“हा घ्यायला आलेलाच नाही गं. हा नुसता चढवायला आलाय!”

लताच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, जिन्यात चोर शिरला. हातात लाटणं होतं, ते तसंच घेऊन मी बाहेर आले. बघते तर ही बाई आपल्या दारात उभी, चष्मा कपाळावर, मोबाईल हात लांब करून धरलेला आणि त्या मोबाईलमधल्या कुठल्याशा माणसाला दम देतेय. मी म्हटलं, “अगं, कोण चढला? कुठे चढला?” तर म्हणाली, “लाटणं ठेव आणि इकडे ये. तुला एक लबाड दाखवते.”

लता राऊळ ही घाटकोपर पूर्वेला आमच्या ‘शुभलक्ष्मी’ बिल्डिंगमध्ये माझ्या समोरच्या दारात राहायची. आता बिल्डिंगही नाही आणि लताही नाही. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि नवी उभी राहायच्या आधीच, भाड्याच्या घरात, लता गेली. तिच्याबद्दल कोणी विचारलं की लोक म्हणतात, ‘त्या गणिताच्या बाई ना, कडक!’ कडक होती, खोटं कशाला बोलू? पण एवढं सांगून लता संपत नाही. 

महापालिकेच्या शाळेत तिनं जन्मभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, योगा करतात. हिनं काय करावं? स्टोव्ह गोळा केले. पितळेचे, पंप मारायचे, रॉकेलचे स्टोव्ह! गिरणगावातल्या खोलीत तिच्या आईचा तसला एक स्टोव्ह होता, तो कधीतरी मोडीत गेला, त्याचं तिला फार लागून राहिलं होतं. मग तसाच शोधता शोधता एक आला, दुसरा आला आणि पुढे कपाटावर, फ्रिजवर, गॅलरीत, जिथे बघावं तिथे स्टोव्ह. घासूनपुसून असे लखलखीत की पाहुणा आला तर आधी केस नीट करायचा. रविवारी एकेक पेटवायची. काकडा लावून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, मग तो फर्रर्र आवाज सुरू झाला की ही डोळे मिटून ऐकायची. रॉकेल आता कुठे मिळतं, ते मला माहीत नाही. तिला मिळायचं.

राऊळभाऊजी, म्हणजे तिचे यजमान, बोलायचे कमी. पेपरमधून मान वर न करता एकदा मला म्हणाले, “वहिनी, बायकोला सवत असते. नवऱ्याला अशा वेळी जे काही असतं त्याला मराठीत शब्दच नाही.” लता आतून ओरडली, “शब्द शोधत बसू नका, ते वायसर आणून द्या चामड्याचं!”

हे सगळे स्टोव्ह ती घ्यायची मोबाईलवर, लिलावात. एक साईट आहे, तिथे जुन्या वस्तू लिलावाला लागतात. विकणारा फोटो टाकतो आणि मुदत ठरवतो, लोक बोली लावतात, मुदत संपताना ज्याची बोली सगळ्यात वर त्याची वस्तू. सरळ मामला. वाकडं असं की काही विकणारे आपल्याच मेव्हण्याच्या नाहीतर भाच्याच्या नावानं वेगळं खातं काढतात आणि आपल्याच वस्तूवर बोली चढवत राहतात. खऱ्या घेणाऱ्याला वाटतं, बापरे, गिऱ्हाईक आहे, आणि तो बिचारा भरीस पडतो.

लताला हे लोक कसे दिसायचे कोण जाणे. मला सगळी नावं आणि आकडे सारखेच. ती मात्र फोन लांब धरून, जणू वर्गात मागच्या बाकाकडे बघावं तशी बघायची. “हे बघ, घेणारा माणूस शेवटी जागा होतो. त्याला वस्तू हवी असते ना! हा बघ, मधेच उड्या मारतोय आणि शेवटच्या दिवशी गपगार. का? चुकून वस्तू याच्याच गळ्यात पडली तर काय करेल? आणि ह्याच्या आधीच्या बोल्या बघ. सगळ्या एकाच दुकानावर. दुसरीकडे कधी ढुंकून बघितलं नाहीये यानं.” मग तिचं ठरलेलं वाक्य यायचं, “उभा केलेला आहे मेला,” आणि अंगठा तक्रारीच्या बटणावर.

त्यांना ती नावं ठेवायची. कोणी ‘उडीबाबा’, कोणी ‘पाहुणा’, कोणी ‘आत्याबाई’. आत्याबाई का, तर म्हणे, “लग्नात कशी आत्या नुसतीच मानपान वाढवते आणि आहेर द्यायच्या वेळी गायब, तशी आहे ही.”

बघता बघता त्या साईटवर तिचं नाव झालं. तिथे ती ‘राऊळबाई’ या नावानं होती. कुठला नागपूरचा माणूस, कुठली बेळगावची बाई, सगळे तिला विचारायचे, ‘राऊळबाई, या स्टोव्हवरच्या बोल्या खऱ्या दिसतात का?’ तिनं होय म्हटलं की लोक बिनधास्त बोली लावायचे. या गोष्टीचा तिला केवढा अभिमान होता! एकदा मला म्हणाली, “कुंदे, शाळेत मी मॅडम होते ती शाळेची. घरात आई आहे ती पोरांची. हे नाव मात्र मी एकटीनं कमावलंय.” बोलताना अगदी लाजली होती. मी तिला लाजताना दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक.

दुसरी वेळ गोराईची. ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मालाडला जुन्या सामानाचं एक दुकान आहे. त्याचे स्टोव्ह लिलावात यायचे आणि त्यावर दोन खाती सतत बोली लावायची. दोघंही फक्त याच दुकानावर, दोघंही कधीच जिंकत नाहीत. लतानं ठरवलं, दोन्ही उभे केलेले. पण तिचा एक नियम होता. विकणारा मुंबईतला असेल तर आधी जाऊन तोंडावर सांगायचं, मग तक्रार करायची. पाठीमागून वार नाही. मला घेऊन गेली मालाडला. दुकानात शिरली आणि नमस्कार चमत्कार काही नाही, थेट, “तुमचा भाचा आहे की मेव्हणा?”

दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. आधी ‘कसला भाचा’, मग ‘बसा ना मॅडम’, मग चहा, मग शेवटी, “भाचा आहे. काय करू मॅडम? कोणी बोलीच नाय लावत. एकानं लावली की दुसरे येतात.”

“आणि दुसरा?”

“दुसरा माझा नाय. आईची शपथ.”

“शपथा नकोत. मुलं पण असंच म्हणायची,” असं म्हणून हिनं चहा पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला, “आता मी तक्रार करणार आहे, तुम्हाला कळवलं,” असं सांगितलं आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून दोन्ही खात्यांवर तक्रार केली. साईटवाल्यांनी दोन्ही बंद केली. का नाही करणार? राऊळबाईंचा शब्द ना!

पुढे काही दिवसांनी त्याच दुकानदाराचा फोन. “मॅडम, तुमचा तो दुसरा चोर दुकानात आलाय. तुम्हीच बोला.”

तो होता डॉमिनिक. गोराईचा, साठीच्या पुढचा, मासेमारी सोडून आता थोडी भाजी लावणारा. त्याच्या आईचा मोठ्या टाकीचा स्टोव्ह होता, नाताळाचं सगळं त्यावर व्हायचं, त्याला तसाच हवा होता. जास्त परवडत नव्हतं म्हणून तो जमेल तेवढी बोली लावायचा आणि हरायचा. मालाडचंच दुकान का, तर तिथून स्वतः उचलून आणता येतं, गोराईपर्यंत कोण आणून देणार? एवढं साधं होतं. आणि या माणसाला ‘तुम्ही खोटी बोली लावता’ असं सांगून साईटनं बाहेर काढलं होतं. तो भांडायला आला नव्हता. विचारायला आला होता, माझं काय चुकलं म्हणून.

लतानं फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत बसली. “कुंदे, मी त्याला विचारलंच नाही गं.” दुसऱ्या दिवशी गोराई. बोरिवलीहून रिक्षा, मग खाडीवरची बोट. बोटीत ती एक शब्द बोलली नाही. डॉमिनिकच्या अंगणात जाऊन त्याच्यासमोर, त्याच्या बायकोसमोर, सुनेसमोर म्हणाली, “मी राऊळबाई. तुमच्यावर खोटा आळ मी घेतला. चूक माझी आहे.” आणि मान खाली घालून उभी राहिली, कानापर्यंत लाल. डॉमिनिक गडबडून गेला. “अगो बाय, बस तरी! एवढ्या लांब आलीस त्यासाठी?”

त्याचं खातं परत सुरू होईपर्यंत तिनं साईटवाल्यांचं डोकं खाल्लं. झालं एकदाचं. मग त्या दोघांची अशी गट्टी जमली की सुके बोंबील आमच्या मजल्यावर यायला लागले. पण त्या दिवसापासून लताचा अंगठा बटणावर जाताना अडायचा. मला म्हणायची, “खात्री आहे गं. पण तेव्हाही होती.”

आता आमच्या बिल्डिंगच्या गणपतीचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा घोळ कळणार नाही. विसर्जनाच्या दिवशी आमच्याकडे देवापुढच्या नारळाचा आणि फळांचा लिलाव असतो. तिथे नारळ कोणाला हवा असतो? घरात चार पडलेले असतात. तरी माणसं बोली चढवतात, एकमेकांना चिडवत चढवतात, कारण पैसा मंडळाला जातो आणि देवाच्या नावानं जातो. याला आमच्याकडे कोणी लबाडी म्हणत नाही, याला हौस म्हणतात. आणि हा लिलाव पुकारणार कोण? लता राऊळ! पदर खोचून, खुर्चीवर उभी राहून. “काय पाटणकर, सेक्रेटरी ना तुम्ही? नारळाला एवढीच किंमत? चढवा! मनीषभाई, तुमचं दुकान बघून बोला जरा! चढवा, चढवा!” माणसं हसून हसून बेजार व्हायची आणि चढवायची.

तर बिल्डिंग पाडायची ठरली. सगळ्यांची भाड्याची घरं शोधायची धावपळ. लताला घर मिळालं ते लांब अंबरनाथला आणि लहान. स्टोव्ह कुठे ठेवणार? विकायचं ठरलं. ठरवलं तिनंच, कोणी जबरदस्ती केली नाही, पण आठवडाभर तिच्या घरात शुकशुकाट. भाऊजीसुद्धा म्हणाले, “चार-पाच ठेव गं, मी माझी पुस्तकं टाकतो.” ती नाही म्हणाली. तिची एकच अट होती, घेणारा पेटवणारा हवा, शोभेला ठेवणारा नको. त्यात सगळ्यात लाडका, मोठ्या टाकीचा, तो तिनं आधी लिलावाला लावला. तो डॉमिनिकच घेणार हे तिला मनातून ठाऊक होतं. मी म्हटलं, “मग देऊन टाक ना सरळ.” तर म्हणाली, “अगं, त्याला फुकट नको असतो. त्याला जिंकायचाय. किती वर्षं हरतोय बिचारा!”

डॉमिनिकनं पहिल्याच दिवशी बोली लावली. आणि मग काय, बोल्यांवर बोल्या! लता हरखून गेली. “कुंदे, बघ कसे तुटून पडलेत! राऊळबाईंचा स्टोव्ह म्हणजे काय!” एवढी वर्षं दुसऱ्यांच्या बोल्या नासलेल्या दुधासारख्या हुंगून बघणारी बाई, पण स्वतःच्या स्टोव्हवरच्या बोल्यांना तिनं नाक लावलं नाही. खूश होती, माणूसच ना. डॉमिनिक बोली वाढवत होता, वर कोणी जायचं, तो पुन्हा वाढवायचा. शेवटी त्याचा तिला निरोप आला, ‘बाय, आता माझ्या हाताबाहेर गेला. ज्याला जाईल त्याला सांग, टाकी काठापर्यंत भरू नको.’

तो निरोप वाचून तिचा चेहरा उतरला. मग पहिल्यांदा तिनं फोन लांब धरला आणि चष्मा कपाळावर नेला. मी तिथेच बसले होते, तिची मेथी निवडत. बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, “कुंदे, आपल्याकडे सकाळी पाणी येतं तेव्हा एकही बोली नाही.”

“मग?”

“रोज. पाण्याच्या वेळेला सगळे गप्प. आणि पाणी गेलं रे गेलं की धडाधड सुरू.”

मला अजून कळेना. ती उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “तू आहेस यात?”

“कशात?”

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला पटलं. मला त्यात कोणी घेतलंच नव्हतं. माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत! मी बादल्या भरत होते तेव्हा सगळी बिल्डिंगही बादल्या भरत होती आणि बादल्या भरून झाल्या की लताच्या स्टोव्हवर बोल्या लावत होती. पाटणकरांनी सगळ्यांना खाती काढून दिली होती. मॅडम मन मारून स्टोव्ह विकतायत, निदान चांगला भाव तरी मिळू दे, अशी त्यांची कल्पना. चुकून कोणाच्या गळ्यात पडलाच तर वर्गणी काढून घ्यायचा आणि मॅडमनाच परत भेट द्यायचा! काय डोकी आहेत एकेकाची!

लता तरातरा खाली गेली, मी मागून. पाटणकरांच्या घरात मनीषभाई, वरच्या मजल्यावरच्या बायका, सगळे जमले. ती चिडली की मालवणीवर यायची. “मेल्यांनो, ह्यां काय केलात तुमी? माका चोर केलात!”

पाटणकर घाबरले, पण बोलले. “मॅडम, आम्ही तुमच्यासाठीच... आणि गणपतीला तुम्हीच नाही का ओरडत, चढवा, चढवा म्हणून? तेच केलं आम्ही.”

  मनीषभाई म्हणाले, “प्रेमथी केलं मॅडम, खोटं कशाला बोलू.” वरच्या देसाईवहिनी तर रडायलाच लागल्या.

मग लता खुर्चीवर बसली आणि शाळेत समजावून सांगायची तशी, सावकाश म्हणाली, “अरे, गणपतीसमोर सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसतात. नारळ कोणाला नकोय, सगळे हौसेनं चढवतायत, हे समोरच्याला कळत असतं. इथे त्या डॉमिनिकला तुमची तोंडं दिसत होती का? त्याला वाटलं खरी गिऱ्हाइकं आहेत. तो आपल्या ऐपतीबाहेर वाढवत राहिला आणि हरला. माझ्याच स्टोव्हसाठी.”

“बोल्या मागे घेतो,” पाटणकर म्हणाले. “लिलाव रद्द करा. कोणाला काय कळणार आहे?”

“मला कळलंय ना,” लता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लिलाव रद्द केला आणि मोठ्या टाकीचा स्टोव्ह जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर घेतला. पुन्हा रिक्षा, पुन्हा बोट. या वेळी ती बोलत होती, आणि जे बोलली ते मला अजून छळतं. “कुंदे, मी इतक्यांची खाती बंद पाडली. त्यातल्या एखाद्याच्या मागे असेच शेजारी असतील ना गं? असेच वेडे, मायेचे? मी विचारायला गेले नाही. मी म्हटलं, उभा केलेला आहे, आणि संपवलं. आता माझ्यावर आलं तर मी म्हणू, माझं वेगळं आहे? आमचं प्रेम होतं?”

डॉमिनिकच्या अंगणात तिनं सगळं सांगितलं. तो खदाखदा हसला. पाण्याच्या वेळेचं ऐकून तर त्याची बायको आत जाऊन सुनेला बोलावून आली, पुन्हा सांग म्हणाली. सगळं झाल्यावर लतानं मोबाईल काढला. “आता मी तक्रार करते.”

“कोणावर?”

“माझ्यावर. विकणाऱ्या राऊळबाईंवर.”

डॉमिनिकचं हसू गेलं. “कशाला, बाय? फसलो मी, आणि माझं काय म्हणणं नाय. स्टोव्ह दे, चहा पी, जा.”

“तुमच्या वेळी मी एवढ्यावर सोडलं होतं का? तुम्हाला तर मी काही न केल्याबद्दल बाहेर काढलं होतं.”

“मग ऐक. तक्रार केलीस तर मी स्टोव्ह घेत नाय.”

लतानं क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि स्टोव्हवर पुन्हा साडी गुंडाळायला लागली.  मला वाटलं, आता मी मधे पडावं. म्हटलंही, “लता, अगं तुझं एवढं नाव...” तर म्हणाली, “नावासाठीच करतेय ना बाई!” आणि रडली. सरळ रडली, पदर न लावता. “वाईट वाटतंय गं मला. खूप वाईट वाटतंय. सगळे काय म्हणतील? राऊळबाईच निघाली! पण आज नाही केली तर उद्या कोणी विचारलं, हा खरा आहे का, तर मी कुठल्या तोंडानं सांगू?”

 डॉमिनिक उठला, तिच्या हातातून स्टोव्ह घेतला आणि आत नेऊन ओट्यावर ठेवला. “कर तुझी तक्रार,” आतूनच म्हणाला. तिनं तिथे बसून केली. आपलं नाव, बिल्डिंगमधल्या खात्यांची नावं, काय झालं, कसं झालं, सगळं लिहिलं. पाटणकर आणि मंडळींची बाजूही लिहिली, की हे माझ्यावरच्या मायेनं केलंय, यांना समज द्या, शिक्षा मला करा. खोट्या बोल्या सुरू व्हायच्या आधी आपली जी बोली होती तेवढे पैसे डॉमिनिकनं तिच्या हातात ठेवले आणि तिनं मुकाट्यानं घेतले. फुकट त्याला नको होता ना. मग त्यानं काकडा पेटवला. बर्नर तापला, पंप मारला आणि आवाज सुरू झाला तेव्हा त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली ती हललीच नाही. चहा त्यावरच झाला. रॉकेलचा वास आला चहाला, तरी मी दोन कप प्यायले.

बाकीचे स्टोव्ह मालाडचा दुकानदार येऊन घेऊन गेला. जाताना लताच्या पाया पडला. का पडला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

साईटवाल्यांचा निकाल यायला बरेच दिवस लागले. आला तो नेमका लता घर सोडत होती त्या दिवशी. खाली टेम्पो उभा, भाऊजी पुढच्या रिक्षातून आधीच गेलेले. ड्रायव्हरच्या शेजारी ही बसलेली, मांडीवर देवांची पेटी. अख्खी बिल्डिंग फाटकात. पाटणकर तिच्या नजरेला नजर देत नव्हते, तर तिनंच हाक मारून सांगितलं, “गॅसचं कनेक्शन बंद केलंत का? विसराल.” तेवढ्यात तिचा फोन दोनदा वाजला. लागोपाठ.

तिनं फोन खिडकीबाहेर हात काढून लांब धरला. वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं, झालं, आता ही इथे कोसळते. मी टेम्पोच्या दाराशी गेले. “काय आलंय?”

“ऐक,” म्हणाली, आणि वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात सगळ्यांसमोर वाचायला लागली. पहिला निरोप असा की खोट्या बोल्यांच्या गैरप्रकाराबद्दल आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.  “आता दुसरा,” ती म्हणाली. दुसरा निरोप असा की आपण केलेल्या तक्रारीमुळे एका अप्रामाणिक विक्रेत्यावर कारवाई करता आली, आपल्यासारख्या प्रामाणिक सभासदांमुळेच आमच्यावरचा विश्वास टिकून आहे, आपले मनःपूर्वक आभार.

आणि लता हसायला लागली. इतकी हसली की देवांची पेटी घसरायला लागली, ती ड्रायव्हरनं धरली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते हसण्याचं किती आणि कसलं किती, मला नाही सांगता येणार. फाटकातले सगळे आधी घाबरले, मग हळूहळू तेही हसायला लागले, पाटणकरसुद्धा.

“कुंदे,” माझा हात धरून म्हणाली, “विकणारी राऊळबाई आणि तक्रार करणारी राऊळबाई, दोघींबद्दलचं बरोबर आहे गं.”

टेम्पो निघाला. खिडकीतून तिचा हात बराच वेळ बाहेर होता आणि वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिचं हसणं ऐकू येत होतं. त्यानंतर फोनवर आम्ही पुष्कळ बोललो, पण समोरासमोर मी तिला पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.